दहा वर्षांसाठी बिटकॉइन घ्यायचं तर ठेवायचं कुठे? एक्स्चेंज, ईटीएफ आणि हार्डवेअर वॉलेट यांचा आढावा

क्रिप्टोकरन्सी दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणून घ्यावी का, या प्रश्नाला आमचं उत्तर असं आहे: घ्यायचं तर बिटकॉइन घ्यावं, एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपर्यंतच घ्यावं, आणि दहा वर्षं ते नीट सांभाळण्याची सोय आधी करावी. तिसरी अट बहुतेक लोक शेवटी बघतात, आणि गाडी तिथेच अडते. भाव कोसळल्यामुळे कागदावर झालेलं नुकसान बिटकॉइनमध्ये थांबणाऱ्यांना आजवर भरून मिळालं आहे. एक्स्चेंज (नाणी घेण्या-विकण्याची सेवा) बुडालं, वॉलेटची चावी असलेले शब्द हरवले, चुकीच्या पत्त्यावर पाठवलं, अशा कारणांनी गेलेलं मात्र क्वचितच परत येतं. म्हणून या आढाव्यात भावाबद्दल थोडं आणि सांभाळण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

भावाचा इतिहास मात्र डोळ्यांसमोर हवाच. 2013 च्या अखेरीस बिटकॉइन 1,150 डॉलरच्या आसपास गेलं आणि जानेवारी 2015 मध्ये 200 च्या खाली आलं. डिसेंबर 2017 मध्ये 20 हजारांच्या जवळ पोचलं, वर्षभरात 3,200 च्या आसपास उतरलं. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये 16 हजारांच्याही खाली. म्हणजे तिन्ही वेळा तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. 80 टक्के घसरण झाली की मूळ भावाला यायला पाचपट वाढ लागते, हे गणित खरेदी करण्याआधीच मनात पक्कं करावं. डिसेंबर 2024 मध्ये भाव 1 लाख डॉलरच्या वर गेला ही बातमी सगळ्यांना आठवते. पण डिसेंबर 2017 च्या शिखरावर घेतलेलं बिटकॉइन बरोबर पाच वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्येही, खरेदीच्या भावाखालीच होतं, हे फार कमी लोक सांगतात. त्यामुळे इथे पाच वर्षांना दीर्घ मुदत म्हणता येत नाही. ज्या पैशांची सात-आठ वर्षांत गरज पडू शकते, ते इथे आणूच नयेत.

पाच टक्क्यांचा आकडा कुठून आला, तेही सांगतो. शंभरातले पाच बिटकॉइनमध्ये असतील आणि ते 80 टक्क्यांनी पडले, तर एकूण पुंजीतले चार जातात. टोचतं, पण माणूस उभा राहतो. उलट बिटकॉइन पाचपट झालं आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, तर पाचाचे पंचवीस होतात, पुंजी 120 होते आणि बिटकॉइनचा वाटा जवळपास 21 टक्क्यांवर जातो. आता मूळचं प्रमाण राहिलंच नाही. म्हणून नियम आधीच लिहून ठेवावा: वाटा दहा टक्क्यांवर गेला की पाचवर आणायचा. हा नियम भाव चढत असताना मोडावासा वाटतो, आणि तो पाळायची गरजही नेमकी तेव्हाच असते.

बिटकॉइनच्या बाजूने सांगण्यासारखी एक ठोस गोष्ट म्हणजे पुरवठा. एकूण 2 कोटी 10 लाख नाणी, त्याहून जास्त नाहीत. दर 2 लाख 10 हजार ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा एक गठ्ठा), म्हणजे साधारण चार वर्षांनी, नव्या नाण्यांचं प्रमाण निम्मं होतं. 2009 मध्ये प्रत्येक ब्लॉकमागे 50 नाणी निघत, एप्रिल 2024 पासून 3.125 निघतात. दिवसाला साधारण 144 ब्लॉक धरले तर रोज 450 नवी नाणी, म्हणजे वर्षाला एक टक्क्याहूनही कमी भर. पण पुरवठा ठरलेला आहे म्हणजे मागणीही टिकेलच असं नाही. शेअरमागे कंपनीचा नफा असतो, रोख्यामागे व्याज असतं. बिटकॉइनमागे उत्पन्न काहीच नाही. पुढचा घेणारा जो भाव देईल तोच त्याचा भाव. याबाबतीत ते सोन्याच्या जातीचं आहे आणि सोन्यापेक्षा कितीतरी तापट आहे.

बाकीच्या नाण्यांचं काय? 2018 च्या जानेवारीत ज्यांची नावं आघाडीच्या यादीत होती त्यांच्याकडे बघा: बिटकॉइन कॅश, नेम, आयोटा, डॅश, निओ. 2021 च्या मोठ्या तेजीतही यातलं एकही आपल्या जुन्या शिखरापर्यंत परत पोचलं नाही. मे 2022 मध्ये टेरा हे क्रिप्टोचं जाळं, म्हणजे नेटवर्क, कोसळलं. त्याचं लूना हे नाणं 80 डॉलरच्या वरून काही दिवसांत सेंटच्या अंशावर आलं, आणि त्याच जाळ्यात वर्षाला जवळपास 20 टक्के व्याजाचं आमिष होतं. तेजीच्या काळात यादीतलं पाचवं-सातवं नाणं घ्यायचं आणि दहा वर्षं ठेवायचं, हा मार्ग आम्ही कुणालाही सुचवणार नाही. इथर हा एकच गंभीर अपवाद. 2015 पासून चालू असलेलं, सप्टेंबर 2022 मध्ये खाणकाम (संगणकांच्या ताकदीवर व्यवहार नोंदवणं) सोडून ठेवीवर आधारलेल्या पद्धतीवर गेलेलं आणि खराखुरा वापर असलेलं हे जाळं आहे. पण त्याच्या पुरवठ्याला वरची मर्यादा नाही आणि नियम बदलत राहतात. बिटकॉइनने 2021 चं शिखर मार्च 2024 मध्ये ओलांडलं, इथरला त्यासाठी ऑगस्ट 2025 उजाडला. हवंच असेल तर पाचातला एक टक्का. डॉलरशी बांधलेली स्थिर नाणी पैसे हलवायला सोयीची, पण त्यांत वाढ नाही आणि मोडायची भीती मात्र आहे. तो विषय इथेच सोडतो.

एक्स्चेंज: खरेदीपुरतं

एक्स्चेंजवरच्या खात्यात दिसणारा आकडा म्हणजे तुमचं बिटकॉइन नव्हे, ते एक्स्चेंजने तुम्हाला दिलेलं वचन आहे. माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी 2014 मध्ये बुडालं तेव्हा सुमारे 8 लाख 50 हजार नाणी गायब असल्याचं सांगण्यात आलं. त्यातली 2 लाखांच्या आसपास पुढे सापडली, आणि ठेवीदारांना नाणी परत मिळायला जुलै 2024 उजाडला. एफटीएक्स या एक्स्चेंजने 11 नोव्हेंबर 2022 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथल्या ग्राहकांचे दावे त्या दिवसाच्या भावाने डॉलरमध्ये मोजले गेले, म्हणजे बिटकॉइनच्या तळाच्या भावाने. पुढची सगळी वाढ त्यांच्या हातून गेली. दहा वर्षं थांबण्यासाठी आलेल्या माणसाला नेमक्या तळाला बाहेर काढलं गेलं, ही यातली मोठी जखम.

सेल्सियस या क्रिप्टोवर व्याज देणाऱ्या कंपनीचं प्रकरण अजून जवळून बघण्यासारखं आहे. ग्राहक 'व्याज देणाऱ्या खात्यात' नाणी ठेवत. जून 2022 मध्ये पैसे काढणं थांबवलं गेलं, जुलैत दिवाळखोरी, आणि जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने सांगितलं की करारातल्या अटींप्रमाणे त्या खात्यांतली नाणी कंपनीच्या मालकीची आहेत. जवळपास 420 कोटी डॉलरची ही ठेव होती. एका टिकमार्कने मालकी गेली. म्हणून एक्स्चेंजवर 'कमवा', 'व्याज मिळवा', 'लॉक करा' असं काही दिसलं की ते कर्ज देणं आहे असं समजावं आणि तिकडे जाऊ नये.

खरेदीसाठी एक्स्चेंज निवडताना पहिला प्रश्न: नाणी बाहेरच्या, तुमच्या स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटवर पाठवता येतात का? काही सेवांमध्ये फक्त घेता-विकता येतं, काढता येत नाही. अशी सेवा दीर्घ मुदतीसाठी बाद. दुसरं, काढण्याचं शुल्क. ते बहुधा रकमेवर नसून ठोक असतं. शुल्क 0.0002 बिटकॉइन असेल आणि तुम्ही 0.001 काढत असाल, तर पाचवा हिस्सा तिथेच गेला. तिसरं, 'झटपट खरेदी'चं बटण आणि व्यापाराचा खरा पडदा यांतला फरक. झटपट खरेदीत शुल्क भावातच मिसळलेलं असतं. ऑर्डर बुकवर, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांच्या यादीत, आपला मर्यादा भाव टाकून घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. चौथं, लॉगिनचं दुसरं कुलूप एसएमएसवर ठेवू नये, कारण सिम दुसऱ्याच्या नावावर फिरवून ते उघडता येतं. ऑथेंटिकेटर अॅप किंवा सुरक्षा चावी वापरावी, आणि नाणी फक्त मंजूर केलेल्या पत्त्यांवरच जातील हे सेटिंग चालू करून त्याला एक-दोन दिवसांचा थांबा लावावा.

ईटीएफ: कमी कटकट, अर्धी मालकी

अमेरिकेत 10 जानेवारी 2024 रोजी थेट बिटकॉइन ठेवणाऱ्या ईटीएफना (शेअरसारखे बाजारात मिळणारे फंड) परवानगी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार सुरू झाले. ज्याला शब्द, पिन, उपकरण यातलं काहीच नको आहे आणि ज्याच्या दलालाकडे हे फंड मिळतात, त्याच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. हे आम्ही मनापासून म्हणतो. शब्द नीट सांभाळता न येणाऱ्या माणसाच्या हातातल्या हार्डवेअर वॉलेटपेक्षा ईटीएफ कितीतरी सुरक्षित. वारसांनाही बाकीच्या शेअरांबरोबर ते मिळतं.

बघायचं ते खर्चाचं प्रमाण. वर्षाला 0.25 टक्के असेल तर दहा वर्षांत साधारण अडीच टक्के बिटकॉइन झिजतं. 1.5 टक्के असेल तर जवळपास 14 टक्के. ग्रेस्केल या कंपनीचा बिटकॉइन ठेवणारा जुना ट्रस्ट ईटीएफ झाला तेव्हा त्याचा दर 1.5 टक्के होता आणि ब्लॅकरॉकच्या फंडाचा 0.25. आतला माल तोच. ईटीएफ होण्याआधी, डिसेंबर 2022 मध्ये, त्याच ट्रस्टचा भाव आतल्या बिटकॉइनच्या किमतीपेक्षा जवळपास निम्म्याने खाली होता. वेष्टनाचा भाव आणि मालाचा भाव वेगळे होऊ शकतात, हे तिथे दिसलं. ईटीएफमध्ये हा फरक किरकोळ राहतो. मर्यादा दोन: बाजार बंद असताना विकता येत नाही, आणि साध्या गुंतवणूकदाराला खरं बिटकॉइन काढून घेता येत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच फंडांची नाणी कॉइनबेस या एकाच सांभाळकर्त्याकडे आहेत. ही एकवट आम्हाला खटकते.

हार्डवेअर वॉलेट: खरी परीक्षा इथे

हे छोटं उपकरण नाणी ठेवत नाही. नाणी ब्लॉकचेनवरच, म्हणजे सगळ्या जाळ्याच्या सामायिक नोंदवहीतच असतात. उपकरणात गुप्त चावी असते, ती बाहेर न पडता आतच व्यवहारावर सही करते. ही चावी 12 किंवा 24 इंग्रजी शब्दांतून तयार होते. शब्द 2,048 शब्दांच्या ठरावीक यादीतले. शब्द हेच तुमचं बिटकॉइन. उपकरण हरवलं तर नवं आणता येतं, शब्द हरवले आणि उपकरण बिघडलं तर काहीच करता येत नाही.

ट्रेझर आणि लेजर ही दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात. ट्रेझरचं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) उघडं आहे, कुणीही तपासू शकतं. पण जुन्या मॉडेल वन आणि मॉडेल टी मध्ये वेगळी सुरक्षित चिप नव्हती, आणि 2020 मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा पथकाने उपकरण हातात असेल तर पंधरा मिनिटांत त्यातले शब्द काढता येतात हे दाखवलं. सेफ 3 मध्ये सुरक्षित चिप आली. लेजरमध्ये ती आधीपासून आहे, मात्र तिच्यातलं फर्मवेअर पूर्ण उघडं नाही. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली, अडीच लाखांहून जास्त लोकांची नावं आणि घरचे पत्ते त्यात होते. चाव्या सुरक्षित राहिल्या, पण त्या लोकांना आजही खोटी पत्रं आणि ईमेल येण्याचा धोका आहे. मे 2023 मध्ये कंपनीने शब्दांचे तुकडे करून बाहेर सांभाळण्याची ऐच्छिक सेवा जाहीर केली तेव्हा बरेच वापरणारे नाराज झाले, कारण फर्मवेअर चावी बाहेर देऊ शकतं ही गोष्टच त्यांनी धरली नव्हती. चुकीचा पिन तीनदा टाकला की लेजर स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझर त्याहून जास्त चुकांनंतर.

आमची निवड: फक्त बिटकॉइन ठेवायचं असेल तर ट्रेझर सेफ 3, त्यावर फक्त-बिटकॉइनचं फर्मवेअर टाकून. इथरही ठेवायचं असेल तर लेजर नॅनो एस प्लस. नॅनो एक्समध्ये ब्लूटूथ आणि बॅटरी आहे, आणि कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या उपकरणात बॅटरी नसलेलीच बरी. ती आधी खराब होते. कोल्डकार्ड हे संगणकाला न जोडता मेमरी कार्डावरून सही करणारं उपकरण सुरक्षेत सरस आहे, पण नवख्या माणसाला जड जातं.

विकत घेताना ताकही फुंकून प्यावं. निर्मात्याच्या स्वतःच्या साइटवरून किंवा त्याने नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावं, जुनं-वापरलेलं कधीच नाही. 2023 मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने एक नकली ट्रेझर उघडून दाखवला. बाहेरून हुबेहूब, आतली चिप बदललेली, आणि 'नवे' शब्द खरं तर चोराने आधीच ठरवलेल्या मोजक्या संचांतले. खोक्यात शब्द छापलेलं कार्ड मिळालं तर तो सापळाच. शब्द उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर, तुमच्यासमोर तयार झाले पाहिजेत.

मांडणी अशी करावी. निर्मात्याचं अॅप साइटवरून उतरवा, सर्चमधल्या जाहिरातीवरून नाही. फर्मवेअर अद्ययावत करा, अॅपमधली अस्सलपणाची तपासणी होऊ द्या. मग नवं वॉलेट तयार करा. नव्या ट्रेझरमध्ये 20 शब्दांची एक वेगळी पद्धत पुढे येते. ती चांगली आहे, पण बऱ्याच इतर वॉलेटांत चालत नाही. दहा वर्षांनी कोणतं उपकरण बाजारात असेल याची खात्री नसल्यामुळे आम्ही 12 किंवा 24 शब्दांचीच जुनी पद्धत घ्यायला सांगतो. शब्द कागदावर पेन्सिलने लिहा. बऱ्याच जेल पेनांची शाई पाण्यात पसरते, थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने आणि काळाने उडतात, शिसपेन्सिल टिकते. प्रत्येक शब्दाला क्रमांक द्या आणि सुटी, ठळक अक्षरं काढा. यादीत 'वॉक' आणि 'वॉल' दोन्ही आहेत. इंग्रजीत लिहिताना शेवटचं एक अक्षर घाईने गिरवलं की पाच वर्षांनी वाचणारा अडतो. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणून निदान ती चार तरी निःसंशय हवीत. शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असतो, त्यामुळे एखादा शब्द चुकला तर उपकरण बहुतेक वेळा 'संच चुकीचा' म्हणून सांगतं. बहुतेक वेळाच, दरवेळी नाही.

आता ती पायरी, जी जवळजवळ सगळे टाळतात. मोठी रक्कम पाठवण्याआधी पहिला स्वीकार-पत्ता दुसऱ्या कागदावर उतरवा आणि अगदी छोटी रक्कम त्यावर आणा. ती पोचल्यावर उपकरण सेटिंगमधून पूर्ण पुसून टाका. हो, पैसे असताना. मग कागदावरून, फक्त कागदावरून, शब्द परत भरा आणि तोच पत्ता येतो का बघा. 42 अक्षरांचा पत्ता असेल तर सुरुवातीची आणि शेवटची आठ बघून थांबू नका, मधलीही बघा. आला, तर तुमचा कागद खरा आहे. नाही आला, तर गेली ती फक्त छोटी रक्कम. त्यानंतर तीच रक्कम परत एक्स्चेंजकडे पाठवून बघा, म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ताही तपासला जातो. या सगळ्याला एक संध्याकाळ लागते.

परत भरल्यावर शिल्लक शून्य दिसली तर घाबरून जाऊ नये. बहुतेकदा खात्याचा प्रकार वेगळा निवडलेला असतो. 'बीसी1' ने सुरू होणारे, '3' ने सुरू होणारे आणि '1' ने सुरू होणारे पत्ते एकाच शब्दसंचातून, पण वेगवेगळ्या मार्गांनी निघतात. म्हणून शब्दांच्या कागदावर खात्याचा प्रकार, वापरलेलं अॅप आणि तारीख लिहून ठेवावी. यात गुप्त काही नाही. दुसरं कारण म्हणजे पासफ्रेज, शब्दांच्या जोडीला आपण स्वतः ठरवलेला जादा शब्द. तो चोराविरुद्ध भक्कम भिंत आहे, पण त्यात एक क्रूर गोष्ट आहे: चुकीचा टाकला तरी उपकरण चूक म्हणत नाही, एक वेगळं, रिकामं वॉलेट उघडतं. एक मोठं अक्षर, एक जादा जागा, आणि तुमचे पैसे दिसेनासे. पासफ्रेज लिहून ठेवणार नसाल तर लावूच नका. लिहिलेला शब्दांच्या कागदासोबत एकाच पाकिटात ठेवणार असाल तर लावण्यात अर्थ नाही.

कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. रक्कम मोठी झाली की स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर अक्षरं ठोकून घ्यावीत. घराच्या आगीत ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, स्टीलला 1,400 च्या आसपास तापमान लागतं. फोटो, ईमेल, क्लाउड, पासवर्ड मॅनेजर यांपैकी कुठेही शब्द नकोत. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. कुलूप होतं, पण चोराला ते फोडायला हवा तेवढा वेळही मिळाला.

सही करताना उपकरणाचा पडदाच खरा मानायचा, संगणकाचा नाही. संगणकावरचा व्हायरस कॉपी केलेला पत्ता बदलतो, पण पैसे प्रत्यक्षात ज्या पत्त्यावर जाणार तो उपकरणावर दिसतो. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे 150 कोटी डॉलरचं इथर गेलं ते याच फटीतून. सही करणाऱ्यांना संगणकावर दिसत होता तो व्यवहार एक, आणि प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्यावर. इथरच्या करारांवर (जाळ्यावर आपोआप चालणारे प्रोग्रॅम) न वाचता सही करण्याची सक्ती पडत असेल, तर दीर्घ मुदतीच्या वॉलेटने तिथे जाऊच नये. साठवणीचं वॉलेट आणि प्रयोगाचं वॉलेट वेगळं, शब्दही वेगळे.

तीन चाव्यांपैकी दोन सह्या लागणारी मांडणी मोठ्या रकमेसाठी उत्तम आहे, पण लोक एक गोष्ट विसरतात. परत उभारायला दोन शब्दसंच पुरत नाहीत, तिसऱ्याची सार्वजनिक चावीही (जिच्यावरून पत्ते तयार होतात ती) लागते. ती माहिती तिन्ही ठिकाणी ठेवली नसेल तर दोन संच हातात असूनही पैसे अडकतात.

शुल्क आणि सुट्टी नाणी

दर महिन्याला ठरावीक रक्कम घालणं बरोबर आहे. दर महिन्याला वॉलेटवर काढणं बरोबर नाही. प्रत्येक वेळी आलेली रक्कम वॉलेटमध्ये वेगळा तुकडा म्हणून राहते, सुट्ट्या पैशांसारखी. पुढे एकत्र पाठवताना प्रत्येक तुकड्याची जागा मोजली जाते, साधारण 68 व्हीबाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक). चार वर्षं दरमहा काढलं तर 48 तुकडे, म्हणजे एका व्यवहारात जवळपास 3,300 व्हीबाइट. शुल्क दर व्हीबाइटला 5 सॅट (बिटकॉइनचा सगळ्यात लहान अंश) असेल तर 16,500 सॅट लागतील, 100 सॅट असेल तर 3 लाख 30 हजार. एक बिटकॉइन म्हणजे 10 कोटी सॅट, त्यामुळे हे 0.0033 बिटकॉइन झालं. तिमाहीला एकदा काढलं असतं तर तुकडे 16 आणि शुल्क तिसऱ्या हिश्श्यावर. 20 एप्रिल 2024 रोजी, नव्या नाण्यांचं प्रमाण निम्मं होण्याच्या दिवशी, सरासरी शुल्क एका व्यवहाराला 100 डॉलरच्या वर गेलं होतं. ज्यांच्याकडे बारीक तुकडे होते त्यांना त्या दिवशी हलताच आलं नाही. गर्दी नसताना, बहुधा शनिवार-रविवारी, तुकडे एकत्र करून ठेवावेत. नाणी इथरच्या किंवा दुसऱ्या जाळ्यातली असतील तर काढताना जाळ्याचं नाव दोनदा बघा. पाठवणारं आणि घेणारं जाळं वेगळं असेल तर पैसे अधांतरी राहतात.

प्रत्येक वेळी नवा स्वीकार-पत्ता वापरावा. गोपनीयतेबरोबरच याला पुढच्या काळाचंही कारण आहे. पत्त्यावरून खर्च झाला की त्यामागची सार्वजनिक चावी उघड होते, आणि सार्वजनिक चावीवरून गुप्त चावी काढू शकणारा शक्तिशाली क्वांटम संगणक आलाच तर आधी धोका उघड्या चाव्यांना. त्याविरुद्धच्या नव्या सहीपद्धतींची मानकं अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध केली आहेत. बिटकॉइनला त्या दिशेने जायचं तर सगळ्या जाळ्याचं एकमत लागेल, आणि ते सोपं नाही. दुसरा प्रश्न खाणकाम करणाऱ्यांच्या कमाईचा. 2028 मध्ये ब्लॉकमागचं बक्षीस 1.5625 होईल, 2032 मध्ये 0.78125. जाळ्याची राखण तेव्हा शुल्कावर जास्त अवलंबून असेल. दहा वर्षांचा विचार करणाऱ्याने या दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पाच टक्क्यांची मर्यादा आम्ही एवढ्या आग्रहाने सांगतो, त्याला भावाइतकंच हेही कारण आहे.

वर्षातून एकदा उपकरण बाहेर काढा. चालू होतं का, पिन आठवतो का, फर्मवेअर आलं आहे का, हे बघा. ट्रेझरमध्ये आणि लेजरमध्ये शब्द बरोबर आहेत का हे न पुसता तपासण्याची सोय आहे, ती वापरा. पण फर्मवेअर बदलण्याआधी शब्दांचा कागद हातात असलाच पाहिजे, कारण अद्ययावत करताना एखादं उपकरण पुसलं जाऊ शकतं.

आणि वारसांसाठी एक पत्र लिहा. त्यात शब्द नकोत, पिनही नको. बिटकॉइन आहे, कोणत्या उपकरणात आहे, खात्याचा प्रकार कोणता, शब्दांच्या दोन प्रती कुठे आहेत, पासफ्रेज आहे की नाही आणि असेल तर तो कुठे, हे साध्या भाषेत लिहा. शब्द कुणालाही फोनवर सांगायचे नाहीत, कोणत्याही वेबसाइटवर टाइप करायचे नाहीत आणि मदतीला धावून येणाऱ्या अनोळखी माणसाला दाखवायचे नाहीत, हे वाक्य मोठ्या अक्षरांत. मग ते पत्र ज्याच्यासाठी लिहिलं त्याला समोर बसवा, हातात दुसरं रिकामं उपकरण द्या, आणि तुम्ही एक शब्दही न बोलता तो पत्रावरून शिल्लक पडद्यावर आणू शकतो का ते बघा. जिथे तो अडतो तिथे पत्रात भर घाला. शिल्लक दिसली की ते रिकामं उपकरण त्याच्यासमोरच पुन्हा पुसून टाका.